पडलेल्या झाडाचा एक तुकडा आम्हाला द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की तुमच्या पेपरात दिवसाआड एक तरी फोटो असतोच, रस्त्यावर आडवं पडलेलं झाड, त्याखाली दबलेली रिक्षा नाहीतर कार आणि मशीनची करवत घेऊन फांद्या तोडणारे अग्निशमन दलाचे लोक. बातमी 'तासाभरात वाहतूक सुरळीत झाली' इथे संपते. त्या झाडाचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही आणि मला नेमकं त्याबद्दलच लिहायचंय, कारण मी फावल्या वेळात घरी दाढीच्या ब्रशच्या लाकडी मुठी बनवतो आणि मला जेवढा तुकडा पुरतो तेवढे शेकडो तुकडे त्या ढिगातून रोज उचलून नेले जातात आणि जळून जातात.

बहुतेक शहरांत हे लाकूड डेपोत जातं, तिथून काही स्मशानभूमीला, काही लिलावात. स्मशानभूमीला जातं ते जाऊदेच, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण लिलाव ट्रकवर आणि वजनावर होतो, त्यात घरी बसून काम करणाऱ्या माणसाने किंवा शाळेने जाऊन एक फांदी मागावी अशी सोयच नाही. तिथल्या माणसाला विचारलं तर तो बिचारा म्हणतो साहेब, मला देता येत नाही, पावती कशाची फाडू. त्याचंही बरोबरच आहे, सरकारी माल आहे, तो असा उचलून कसा देणार. म्हणून हे पत्र, की ही सोय करा, नियमाने करा, पावती फाडून करा, पण करा.

आता कुणी म्हणेल दाढीच्या ब्रशच्या मुठीसाठी एवढं कशाला, दुकानात प्लास्टिकचा ब्रश स्वस्तात मिळतो. मिळतो ना. पण त्याची मूठ पोकळ असते, ओल्या साबणाच्या हातातून सटकते, काही महिन्यांत केसांचा गुच्छ सैल होऊन सगळा ब्रश कचऱ्यात जातो. लाकडी मूठ भरीव असते, हातात वजन लागतं आणि केस झिजले तर तेवढेच काढून नवे बसवता येतात, मूठ तीच राहते. माझ्या वडिलांचा ब्रश मी पेरूच्या लाकडाचा केलाय, मागच्या अंगणातला पेरू वठला होता त्याचा, रोज सकाळी वापरतात आणि आल्यागेल्याला दाखवतात हा आपल्या पेरूचा म्हणून. पेरूचं लाकूड घट्ट आणि बारीक रेषांचं असतं, कातल्यावर नुसत्या पॉलिश पेपरने सुद्धा असं गुळगुळीत होतं की हातातून खाली ठेववत नाही. हे लाकूड कुठल्याही वखारीत मिळत नाही, कारण पेरूचे कुणी ओंडके विकत नाही.

एका मुठीला साधारण पाच सेंटीमीटर जाड आणि सात-आठ सेंटीमीटर लांब एवढाच तुकडा लागतो. तयार मूठ पाच-सहा सेंटीमीटर उंच होते, मधे कंबर बारीक म्हणजे अंगठा आणि दोन बोटं नीट बसतात, खाली बूड रुंद म्हणजे ब्रश बेसिनवर उभा राहतो. मांडीएवढ्या फांदीतून सुद्धा मुठी निघतात आणि एक मध्यम रेन ट्री पडला तर त्याच्या फांद्यांतून किती निघतील याचा हिशोबच नको. मोठे फर्निचरवाले या फांद्यांकडे बघत नाहीत, त्यांना सरळ लांब फळ्या लागतात, म्हणून मी जे मागतोय ते कुणाच्या तोंडचं काढून मागत नाहीये.

रेन ट्री म्हणजे पर्जन्यवृक्ष हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावला. ताजा कापलेला बघा कधी, सालीलगत पिवळट पांढरा पट्टा आणि आत चॉकलेटी गाभा, दोन्ही रंग एका मुठीत येतील असा तुकडा धरला तर वेगळा रंग द्यायची गरजच पडत नाही. काशिदचा गाभा तर काळपट असतो आणि त्यात बारीक फिकट रेघा असतात, लोक परदेशी लाकूड समजून विचारतात कुठून मागवलं, आणि ते आपल्या रस्त्यांच्या कडेला उभं असतं. चिंचेचा गाभा जांभळट तपकिरी आणि दगडासारखा कडक. बाभूळ, ज्याची बैलगाडीची चाकं आणि अवजारांचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या केले. आंबा हलका आणि थोडा मऊ, पण पावसात पडून राहिला की त्यात बुरशीने काळ्या-निळ्या रेषा येतात त्या फार सुंदर दिसतात, फक्त तो वेळेत उचलून वाळवायला लागतो नाहीतर पुढे लाकूड कुजतं. गुलमोहर मात्र मला नको, ठिसूळ आहे, तो जाऊदे सरपणाला.

याच्या उलट बाजारात गेलं तर सगळे शिसव दाखवतात. शिसव सुंदर आहे यात वाद नाही पण ते झाड अतिशय हळू वाढतं, इतकं तोडलं गेलंय की शिसवाच्या वंशातल्या (डालबर्जिया) सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आल्या, परदेशी पाठवायचं तर कागदपत्रं लागतात. जंगलातलं शंभर वर्षांचं झाड दाढीच्या ब्रशसाठी कशाला कापायचं जेव्हा आपल्या चौकात पडलेलं झाड फुकट जळतंय. शिवाय शिसवाच्या भुशाने बऱ्याच जणांच्या अंगावर खाज उठते, घरी गॅलरीत काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. भुसा कुठल्याही लाकडाचा असो, मास्क आणि चष्मा लागतोच.

कामाबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण लोकांना वाटतं याला मोठा कारखाना लागतो. नाही लागत. लेथ म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र असेल तर उत्तम, आता छोटे टेबलावर बसणारे लेथ मिळतात, पण नुसती करवत, पटाशी, कानस, ड्रिल आणि पॉलिश पेपर एवढ्यावर सुद्धा मूठ होते, फक्त मग ती गोल न करता अष्टकोनी करावी, हातात छान बसते आणि ओल्या हातातून सटकत नाही. मला स्वतःला अष्टकोनी जास्त आवडते.

पहिलं काम वाळवण्याचं, आणि इथेच बहुतेक लाकूड वाया जातं. ओल्या फांदीचे तुकडे करून तसेच ठेवले तर आठवडाभरात दोन्ही टोकांना चिरा पडतात, कारण पाणी टोकांतून भराभर जातं आणि बाजूंनी सावकाश. म्हणून कापल्या कापल्या दोन्ही टोकांना मेण नाहीतर जुना ऑइलपेंट जाड फासायचा. फांदी अख्खी गोल ठेवायची नाही, मधोमध उभी चिरून मधला मऊ गर काढून टाकायचा, कारण लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते आतून सालीकडच्या दिशेने आकसतं, हा ताण त्या गराभोवती येतो आणि तिथून तडा जातो. मग सावलीत, हवेशीर जागी, दोन तुकड्यांमधे पट्टी ठेवून रचायचं. जुना हिशोब इंचाला एक वर्ष असा आहे पण एवढे छोटे तुकडे त्याच्या बरेच आधी वाळतात. खात्री करायची तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करायचं आणि तुकड्यावरच पेन्सिलने लिहायचं, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. कोकणातल्या लोकांनी पावसाळ्यात ही परीक्षा घेऊ नये, हवेतच इतका ओलावा असतो की लाकूड उलट वजन घेतं. दिवाळीनंतर बघावं.

मग भोक. केसांचा जो गुच्छ असतो त्याला नॉट म्हणतात, तो बुडाशी चिकटवून पक्का केलेला तयार मिळतो, २० पासून २६ एमएमपर्यंत जाड, मी बहुतेक वेळा २४ चा घेतो. त्यासाठी २५ एमएमचं भोक, साधारण १२ एमएम खोल. सपाट बुडाचं भोक पाडणारा बिट लागतो, फोर्स्टनर म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानात कपाटाच्या ऑटो हिंजसाठी ३५ चा असतोच, २५ चा मागितला की देतात. भोक आधी पाडायचं, आकार नंतर द्यायचा. तुकडा चौकोनी असतानाच तो शिकंज्यात घट्ट बसतो, ड्रिल सरळ उतरतं आणि मध्य नीट सापडतो, मूठ गोल झाल्यावर तिला धरायचं कुठे. लाकडाचे तंतू उभे हवेत, म्हणजे भोक तंतूंच्या टोकात पाडायचं. हे जरा दमाचं काम आहे, ड्रिल सावकाश चालवायचं, दर थोड्या वेळाने बिट वर घेऊन भुसा काढायचा, नाहीतर लाकूड आतून जळतं, करपल्याचा वास येतो आणि भोकाच्या कडा काळ्या पडतात. चिंचेला आणि बाभळीला हे विशेष सांभाळावं लागतं. बिट नीट धारेला असेल तर भोकातून भुशाऐवजी पातळ कुरळ्या चकत्या वर येतात, त्या आल्या की समजायचं काम बरोबर चाललंय.

यानंतरची गोष्ट बरेच जण करत नाहीत आणि मग लाकडी ब्रश टिकत नाही म्हणतात. भोकाच्या आतल्या भिंतींना आणि तळाला अराल्डाइटचा पातळ हात देऊन तो आधी वाळू द्यायचा. ब्रश रोज पाण्यात बुडतो, पाणी केसांतून खाली उतरतं आणि मुठीच्या पोटात साठतं, कच्चं लाकूड ते पितं, फुगतं आणि एक दिवस वरून उभी चीर जाते. बाहेरून कितीही चकचकीत पॉलिश असलं तरी फरक पडत नाही कारण पाणी आतून आलेलं असतं. आतून सील केलं, मग नॉट बसवून चिकटवला आणि चोवीस तास हात लावला नाही तर तो ब्रश वर्षानुवर्षं चालतो.

पॉलिशच्या बाबतीत आपल्याकडे सावंतवाडीची लाख आहे, चितारआळीतली रंगीत लाकडी फळं आणि खेळणी सगळ्यांनी पाहिलीत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. कर्नाटकात चन्नपट्टणलाही हेच तंत्र, तिथे केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. ही कला मला अतिशय प्रिय आहे, पण दाढीच्या ब्रशला मी लाख लावत नाही, कारण लाख गरम पाण्याने मऊ पडते आणि सतत ओली राहिली की पांढुरकी होते. खेळण्याला, पाटाला, डब्याला लाखेसारखं काही नाही, रोज पाण्यात जाणाऱ्या वस्तूला पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश नाहीतर जवसाचं उकळलेलं तेल. तेल लावणार असाल तर एक गोष्ट कृपा करून पाळा, तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, हे खरं आहे, आगी लागल्यात अशा. ती पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

केसांचं म्हणाल तर मी सिंथेटिकच वापरतो. परदेशात बॅजर या प्राण्याच्या केसांना मान आहे, डुकराचे राठ केसही चालतात, पण आता सिंथेटिक इतके चांगले येतात की फेस तितकाच होतो आणि ब्रश लवकर वाळतो. प्राण्याचे केस नीट निर्जंतुक केलेले नसले तर काय होतं हे पहिल्या महायुद्धाच्या काळात दिसलंय, इंग्लंड-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे लोकांना अँथ्रॅक्स हा जीवघेणा रोग झाला आणि १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशवर बंदी घातली. आणि आपल्याकडे कुणी मुंगसाचे केस देतो म्हणाला तर त्याला सरळ नाही म्हणा. चित्रकलेच्या कुंचल्यांसाठी मुंगसं मारली जातात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

हे सगळं एवढं लिहिलं कारण मला यात फक्त माझा छंद दिसत नाही. शाळेत पूर्वी कार्यानुभवाच्या तासाला हातात काहीतरी यायचं. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तीच मुळी हाताच्या कामातून शिक्षण म्हणून, पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो काम करत करत शिकायचं याच विचाराने, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकायला पाठवावं असं लिहिलंय, त्यात सुतारकामाचं नावही आहे. धोरण चांगलंच आहे. पण शाळांना लाकूड कोण देणार? सागवानाचा भाव बघता कुठलाही मुख्याध्यापक मुलांच्या हातात सागाचा तुकडा देऊन कानस चालवा म्हणणार नाही. पडलेल्या झाडाचे तुकडे मिळाले तर देईल. ब्रशची मूठ हे शिकायला फार चांगलं काम आहे, छोटं आहे, मोजमाप आहे, भोक आहे, आकार आहे, पाण्यापासून संरक्षण आहे, आणि शेवटी मुलगा ती वस्तू घरी नेऊन बाबांना किंवा आजोबांना देतो आणि ती रोज वापरली जाते. मुलींनाही हे काम तितकंच द्यावं, माझ्या भाचीने केलेली मूठ माझ्या मुठींपेक्षा हातात चांगली बसते कारण तिने आधी मातीत आकार करून आजोबांच्या हातात देऊन बघितला.

आता मागणी काय ते स्पष्ट लिहितो. महानगरपालिकांच्या आणि नगरपालिकांच्या उद्यान विभागांनी पडलेल्या आणि परवानगीने छाटलेल्या झाडांच्या मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या फांद्या डेपोत वेगळ्या ठेवाव्यात. त्यांचे हातभर तुकडे करून टोकांना पेंट फासावा आणि प्रत्येक ढिगावर झाडाचं नाव आणि तारीख खडूने लिहावी, कारण एकदा साल गेली की कुठलं लाकूड ते चांगल्या चांगल्यांना ओळखता येत नाही आणि तारखेशिवाय वाळायला किती दिवस झाले ते कळत नाही. आठवड्यातून एक दिवस, सोयीचा वार ठरवून, आधार कार्ड बघून, किलोवर ठरलेला दर लावून पावती देऊन ते विकावं. शाळांना आणि आयटीआयना मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या पत्रावर फुकट द्यावं. माणशी किती किलो याला मर्यादा घालावी म्हणजे व्यापारी सगळं उचलणार नाहीत. चंदन, खैर, साग अशा झाडांना वेगळे कडक नियम आहेत, ती यातून वगळावीत, त्यावरून वाद नको.

एक शंका येईल ती मीच लिहितो, की लाकडाला गिऱ्हाईक मिळालं की झाडं मुद्दाम तोडली जातील. शहरात झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि तो कायदा अजिबात सैल करू नये, उलट कडक पाळावा. किलोभर फांदीला जो दर मिळेल त्यासाठी कुणी झाड तोडायचा धोका पत्करणार नाही, पण तरीही ज्या झाडाची पडल्याची किंवा छाटणीची नोंद उद्यान विभागाकडे आहे त्याचंच लाकूड विकावं, पावतीवर तो नोंद क्रमांक लिहावा, म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

यात पालिकेचा खर्च म्हणजे एक पेंटचा डबा, खडू आणि एका कर्मचाऱ्याचा आठवड्यातला अर्धा दिवस. लाकडाच्या ओळखीला मदत लागली तर वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक प्रत्येक शहरात आहेत, आणि टोकांना पेंट फासायला माणसं कमी पडली तर माझ्यासारखे घरी काम करणारे पाच-दहा जण कुठल्याही शहरात सापडतील, रविवारी सकाळी येऊन ते काम करतील, मी तर नक्की येईन. पावसाळा तोंडावर आलाय, पहिल्या वादळात झाडं पडायच्या आधी हे ठरलं तर याच वर्षीचं लाकूड वाचेल, पुढच्या वर्षीपर्यंत वाळेल आणि शाळांच्या हातात जाईल. आपण हे पत्र छापावं आणि आपल्या बातमीदारांनी उद्यान विभागाला हा एक प्रश्न विचारावा, की फांद्या वेगळ्या ठेवायला नेमकी अडचण काय आहे.

आपला,
एक नियमित वाचक